बिबड्यांचे मस्टर

३ फेब्रुवारी, सोमवार

निरोप समारंभात ही डायरी मिळाली आणि भिंतीवर लावायचे एक मोठे घड्याळ. साहेब भाषणात म्हणाले, "दोधूभाऊंनी जन्मभर दुसऱ्यांच्या वेळा लिहिल्या, आता स्वतःच्या लिहाव्यात." टाळ्या पडल्या. मलाही ते बोलणे फार आवडले होते. आज निवृत्तीनंतरचा पहिला सोमवार, आणि स्वतःच्या घरात मला बसायला जागा नाही.

पहाटे आवाजाने जाग आली. वाटले, गल्लीत कोणी गेले की काय. उठून पाहतो तर मागच्या अंगणात बायांचा घोळका, चुलीवर भले मोठे पातेले, धूर, हसणे-खिदळणे, आणि मधोमध आमची सौ. सिंधू. मी आल्याचे कोणाला काही नाही. म्हटले, आपण वर जावे. खुर्ची घेऊन स्लॅबवर उन्हाला बसलो, तर चुनीलालची बायको रमिलाबाई ओल्या कापडांचे गाठोडे घेऊन वर आली. "नाना, जरा सरका. तुम्ही आम्हना बिबडासना जागावर बठेल शेतस."

आम्हना! स्लॅब माझा, कर्ज काढून मी टाकलेला.

सौ. बिबडे करते हे मला माहीत होते. ज्वारीचा घाटा शिजवायचा, ओल्या कापडावर पातळ थापायचा आणि उन्हात वाळवायचा, हे काम आमच्या कळसाडीत घरोघर होते. माझी समजूत अशी की आपल्याकडचे घरापुरते, फार तर आमच्या लेकीला, काजलला, सासरी पाठवण्यापुरते. पोती भरून माल शहाद्याला एसटी स्टँडजवळच्या अनीसभाईंच्या दुकानात जातो आणि तिथून सुरतला, हे मला आज कळले. कारण उघड आहे. बिबड्यांचे दिवस आणि गाळपाचे दिवस एकच. सीझनमध्ये मी पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या क्वार्टरवर. आठवड्यातून एकदा घरी आलो तर जेवून झोपायचो. म्हणजे इतकी वर्षे माझ्याच घरात एक कारखाना चालू होता आणि टाइमकीपरला पत्ता नाही. मला हे अपमानास्पद वाटते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चार दिवस फक्त पाहिले. नव्या खात्यात गेले की आधी बघावे, मग बोलावे. पण बघून बघून तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

यायला वेळ नाही, जायला वेळ नाही. रमिलाबाई उशिरा आली. का, तर म्हैस व्याली. एक वेळ तेही ठीक, पण बाकीच्यांनी हातातले काम टाकून म्हशीचे, पारडाचे, खरवस कोणाकडे किती पाठवायचा त्याचे सगळे साग्रसंगीत ऐकून घेतले. मीनाबाईची सून रुपा मध्येच उठते, घरी जाऊन पोराला पाजते आणि परत येते. कोणी तिला हटकत नाही. उलट म्हणतात, सावकाश ये.

आणि खाणे! घाटा शिजला की थापायच्या आधी प्रत्येकीला वाटीभर वाढतात, वर तेलाची धार. "आखो ले ना बाई, लाजस काय?" असा आग्रह करकरून. पक्का माल व्हायच्या आधीच कच्चा माल पोटात! आम्ही कारखान्यात याला गळती म्हणायचो आणि साखरेचा दाणा गेला तरी खालपासून वरपर्यंत जाब विचारला जायचा. इथे गळतीला तीळ आणि लसणाची फोडणी आहे. सौ.ने माझ्यापुढेही वाटी केली. मी घेतली नाही. तपासणाऱ्याने खाऊ नये.

मोठा घोटाळा तर आज उघडकीला आला. अनीसभाईंची आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, मागणी तोंडावर आहे आणि सौ. दिवसभर घरात नाही. संध्याकाळी आली, हात कोपरापर्यंत पिठाने पांढरे. कुठे होतीस, तर मीनाबाईकडे. तिचे घरचे बिबडे थापायला. फुकट!

"आज मीनाबाईनी पाळी व्हती," ती म्हणाली, जसे काही मला पाळी म्हणजे काय ते ठाऊकच असणार. खोदून विचारले तेव्हा समजले की या बाया एकमेकींकडून पैसा घेतच नाहीत. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. सौ.चा माल जास्त म्हणून तिच्याकडे जास्त दिवस, मग ती त्यांच्या घरी लग्नाच्या, बारशाच्या, शेवया-कुरडयांच्या कामाला जाऊन ते फेडते. अनीसभाईंकडून आलेल्या पैशांतून काय घेते, तर सगळ्यांना आखाजीला साड्या, आणि कोणाच्या घरी अडचण असली तर तिथे. मी म्हटले, याची नोंद कुठे आहे?

"ध्यानमा ऱ्हास ना."

ध्यानात! मी कपाळाला हात लावला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज सौ.ला समोर बसवून सगळे समजावले. वेळ, हजेरी, मोबदला आणि गळती. चांगले तासभर बोललो. ती लसूण सोलत होती. शेवटी म्हणाली, "तुम्ही जरा दम ल्या. आत्तेच त घर उनात. चार दिन बठा, मंग देखा."

स्पष्ट नकार दिला नाही, म्हणजे संमती धरून मी कामाला लागलो. शहाद्याला जाऊन मस्टर आणले, लाल आणि निळे पेन आणले. घड्याळ पुढच्या ओट्यावर लावले. मागच्या बोळात उघडणारे दार बंद करून कुलूप घातले. कारखान्याला गेट एकच असते. माणूस कुठून आला आणि कुठून गेला हे कळत नसेल तर तो कारखाना नव्हे, जत्रा.

सौ.ने कुलूप पाहिले आणि पहिल्यांदा तिचा चेहरा बदलला. "बाया पुढला दारनं कशा येतीन? पारवर सासरा नि जेठ बठेल ऱ्हातस."

आमच्या ओट्यासमोरच चौकाचा पार आहे, हे खरे. पण मी म्हटले, बसू देत की. ते काय बायांना खाणार आहेत? घरोघरी अशा जुनाट समजुती धरून बसल्यामुळेच आपण मागे राहिलो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज नव्या पद्धतीचा पहिला दिवस. एकंदर समाधानकारक.

बाया पुढच्या दाराने आल्या. पदर हनुवटीपर्यंत ओढलेले. रुपाने तर इतका ओढला होता की तिला पायरी दिसली नाही आणि ती ठेचकाळली. एवढी काय गरज होती, कळत नाही. मी मस्टर घेऊन टेबलापाशी बसलो होतो. एकेकीचे नाव घेतले. रमिलाबाईने दोन्ही हात जोडून "हजर साहेब!" म्हटले आणि सगळ्या फिसकन हसल्या. मीही हसलो. कामगारांशी थोडे हसावे, वातावरण चांगले राहते.

रुपाला उशीर झाला होता म्हणून तिच्या नावापुढे लाल पेनने खूण केली. तिला वाचता येते. तरी तिने पाहिले नाही, म्हणून मी मस्टर फिरवून दाखवले.

घाटा खाणे बंद. त्याऐवजी सगळ्यांना चहा आणि बिस्किटे, माझ्या खर्चाने. चहा घेतला, बिस्किटांना कोणी हात लावला नाही. पण काम काय झाले! घाटा ढवळायच्या लाकडी चाटूचा पातेल्याच्या काठाला लागलेला आवाजसुद्धा ऐकू येत होता. गाणे नाही, म्हैस नाही, कोणाची सून नाही की कोणाची नणंद नाही. एकीनेही तोंड उघडले नाही. पहिल्याच दिवशी इतका फरक पडेल असे मलाही वाटले नव्हते.

सौ. संध्याकाळी लवकर आडवी झाली. तिलाही शिस्तीची सवय नाही. होईल हळूहळू.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मीनाबाई गैरहजर, गुडघा दुखतो म्हणे. रुपा गैरहजर, तिच्या सासऱ्याने विचारले की रोज चौकातून मिरवत कुठे जातेस. बाकीच्या आल्या पण घाटा थंड होईपर्यंत रेंगाळल्या आणि ऊन चढताच गेल्या. शिस्त लावायला घेतली की सुरुवातीला असे होतेच. आमच्याकडे हजेरीचे यंत्र बसवले तेव्हा लोकांनी त्याच्या फटीत काडी घातली होती.

सौ. आज रमिलाबाईकडे पाळीला निघाली होती. तिच्या रिनाचे लग्न ठरले आहे, रुखवताची तयारी चालू आहे. मी अडवले. म्हटले, मालकीण दुसऱ्याकडे राबायला जाते, हे कुठल्या धंद्यात बसते? आपण त्यांना सरळ रोख मोबदला देऊ. चोख व्यवहार. मग कोणाचे कोणाकडे काही राहणार नाही.

सौ. चप्पल घालता घालता थांबली. "कोनंच कोनाकडे काही ऱ्हायनं नही, त त्या येतीन कसाले?"

"पैशासाठी!" मी म्हटले. इतका साधा प्रश्न तिला पडावा याचेच मला आश्चर्य वाटले. तिने चप्पल काढली आणि आत गेली. गेली नाही रमिलाबाईकडे, तेवढे ऐकले.

१ मार्च, शनिवार

काय लिहू?

आज पगारवाटप ठेवले होते. सौ. स्लॅबवर कापडे उलटत होती, म्हटले तिला सांगून उगाच वाद नको. पैसे हातात पडले, बाया खूश झाल्या की तिलाच कळेल. पेन्शनचे माझे स्वतःचे पैसे. कोरी पाकिटे, प्रत्येकावर सुवाच्य अक्षरात नाव. ओट्यावर टेबल मांडले आणि कारखान्यात करायचो तसे खड्या आवाजात पहिले नाव पुकारले. "रमिलाबाई चुनीलाल पाटील!"

पारावर बसलेल्यांनी माना वळवल्या. चांगलेच आहे, म्हटले, गावाला कळू दे की दोधू पाटील कोणाचे फुकट घेत नाही.

रमिलाबाई टेबलापर्यंत आली. मी पाकीट पुढे केले. तिने ते बोटानेही शिवले नाही. पदर सावरला, माझ्याकडे पाहिले आणि पायऱ्या उतरून चालू लागली. तिच्यामागे बाकीच्या. पुढचे नाव माझ्या तोंडातच राहिले. एकही पाकीट उचलले गेले नाही. सौ. वरून खाली आली तोवर ओटा रिकामा होता. तिने टेबलावर पाहिले, पाकिटांवरची नावे वाचली आणि पायरीवर बसली.

संध्याकाळी चुनीलाल आला. केळीच्या बागा आहेत त्याच्या, ट्रक भरून माल जातो. लहानपणापासून आम्ही बरोबरचे. आत ये म्हटले तर आला नाही, अंगणातूनच बोलला. "दोधू, मन्ही घरवाली तुन्हा घर रोजले उनी व्हती का? मन्हा बागमा बाया रोजले येतस, त्यासले मी पाकीट देस. आन तू मन्ही बायकोनं नाव पारसमोर पुकारं?"

मी त्याला शांतपणे सांगितले की रोजंदारीचा दर सरकारी दरापेक्षा जास्त धरला आहे. तर तो आणखीच लाल झाला आणि पाठ फिरवून गेला.

जन्मभर पगारवाटप पाहिले. पैसे कमी मिळाले म्हणून भांडणारे पाहिले, उशिरा मिळाले म्हणून टेबल उलटवणारे पाहिले. पैसे मिळाले म्हणून रागावलेली माणसे आज पहिल्यांदा पाहिली. चांगुलपणाचे दिवस राहिले नाहीत, हेच खरे.

४ मार्च, मंगळवार

तीन दिवस कोणी फिरकले नाही. भिजवलेली ज्वारी आंबत पडली आहे, तिचा वास घरभर.

मी सौ.ला म्हटले, तुझ्या मैत्रिणी अडेलतट्टू आहेत, आपण शहाद्याहून मजूर बाया आणू, रोजच्या रोज रिक्षाने. एवढ्यावर ती जी उसळली! लग्नाला इतकी वर्षे झाली, मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता.

"तुम्हनी माय तीन महिना खाटवर पडेल व्हती. तिले कोन कूस बदलाडे? कोन न्हावाडे? रमिलाबाई, मीनाबाई, पाळी लाई लाई येत. तवय कोनी मस्टर लिखं व्हतं? तवय कोनले तुम्ही पाकीट दिन्हं?"

मी ओट्यावर जाऊन बसलो, कारण रागावलेल्या माणसाशी बोलण्यात अर्थ नसतो. पण प्रश्न बिबड्यांचा होता. आईला जाऊन दोन वर्षे झाली. ऐन गाळपात गेली ती; मला निरोप मिळाला तेव्हा मी हजेरीवर होतो. त्या गोष्टीचा इथे काय संबंध, हे मला अजून समजलेले नाही. विषय सोडून बोलायची बायकांची ही सवय फार वाईट.

९ मार्च, रविवार

अनीसभाईंचा फोन मला आला, कारण सौ. फोन उचलत नाही. माणूस सभ्य आहे, आवाज चढवला नाही. म्हणाले, "नाना, भाभीनं जबान दिधी म्हनीसन मी सुरतवालासले हा सांगं. दरसाल त्यासना माल आखाजीना आधी रवाना व्हस. आते मी काय सांगू?" मी म्हटले, अंतर्गत पुनर्रचना चालू आहे. त्यांना ते समजले नसावे. "भाभीले सलाम सांगा," एवढेच म्हणाले.

सौ. पहाटे एकटी उठून घाटा घोटते. एवढे मोठे पातेले, जड चाटू. मी मदत करायला गेलो तर एकदा तळ लागला, सगळे करपले, आणि तिने न बोलता ते गुरांपुढे टाकले. एकटीने थापून थापून किती थापणार? स्लॅबचा कोपराही भरत नाही.

आणि दुपारी कुठे जाते, तर त्याच बायांच्या घरी! कोणी बोलावलेले नसताना. जाऊन मागच्या पडवीत बसते आणि जे काम चालू असेल त्याला हात लावते. कोणी तिला नको म्हणत नाही, पण आमच्याकडे यायचे नावही काढत नाही. मी म्हटले, तुला स्वाभिमान आहे की नाही? ती म्हणाली, चहा ठेवलेला आहे, घ्या.

घरात घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येते. एवढा आवाज करते हे मला समारंभातच जाणवले असते तर बदलून मागितले असते.

१३ मार्च, गुरुवार, होळी

होळीच्या दिवशी नैवेद्याची ताटे घरोघर फिरतात, हे मी विसरलोच होतो. सीझनमध्ये मी कधी घरी नसायचो. सौ.ने सगळा स्वयंपाक केला, खापरावरच्या पोळ्या केल्या, आणि ताटे झाकून ठेवून पुढच्या दारात बसली. चौकातून ताटे इकडून तिकडे चालली होती. वरचे रुमाल दिसत होते. आमच्या पायरीला एकही लागले नाही.

अंधार पडायला लागल्यावर तिने ती ताटे आत नेली. आम्ही दोघेच जेवलो. पोळ्या उत्तम झाल्या होत्या. तसे मी म्हटले.

एका पाकिटावरून होळीच्या दिवशी असे वागायचे? मला या गावाची लाज वाटते.

१७ मार्च, सोमवार

सौ.चे मनगट गेले. काल घाटा घोटताना चाटू निसटला आणि हात पातेल्याच्या काठावर आपटला. सूज आली, तरी दिवसभर फडके बांधून काम केले, मला सांगितले नाही. आज शहाद्याला नेले. डॉक्टरांनी पाहिले, बारीक चीर आहे म्हणाले, प्लास्टर घातले. बराच काळ हात हलवायचा नाही.

येताना एसटीत ती खिडकीबाहेर पाहत होती. अनीसभाईंच्या दुकानावरून गाडी गेली तेव्हा तिने मान फिरवली. मला फार वाटले काहीतरी बोलावे. मी म्हटले, बघ, दोन माणसांचे काम एकाने केले की असे होते, म्हणूनच मी पद्धत लावत होतो.

१९ मार्च, बुधवार

आता ऐका कमाल. उद्या रमिलाबाईकडे रिनाच्या रुखवताचे बिबडे आहेत आणि आमच्या घरची पाळी आहे. सौ. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून जाणार म्हणते! एका हाताने थापीन म्हणते. मी म्हटले, ज्या बाया तुझ्या दाराला होळीचे ताट लावत नाहीत, त्यांच्याकडे?

"ते त्यासनं. पाळी मन्ही शे. पाळी चुकनी त मी त्या घरमा तोंड कसं दाखाडू?" असे म्हणाली आणि रडायला लागली. प्लास्टरच्या हाताने डोळे पुसता येईनात.

माझे डोके फिरले. तिच्यावर, त्या बायांवर, सगळ्यांवरच. मी ओरडलो, "मी जातो! झाले समाधान? घाटाच घोटायचा आहे ना? मी घोटतो!"

ती रडायची थांबली आणि माझ्याकडे पाहत राहिली. म्हटले तर खरे. आता माघार घेता येत नाही.

२० मार्च, गुरुवार

आज सविस्तर लिहितो.

पहाटे उठलो. सिंधूने धोतर नको, जुनी पँट घाला, घाटा अंगावर उडतो, असे सांगितले. कोपऱ्यातला आमचा चाटू काढून दिला; प्रत्येकीने आपला न्यायचा असतो म्हणे. चाटू खांद्यावर टाकून पुढच्या दारात आलो तर पारावर दोघे-तिघे शेकत बसलेले. साठीला टेकलेला माणूस, जन्मभर पेन धरलेला, आणि खांद्यावर हे लाकूड! परत फिरलो. कुलपाची किल्ली शोधली, मागचे दार उघडले आणि बोळातून गेलो. सिंधू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

रमिलाबाईच्या अंगणात सगळ्या होत्या. मला पाहून एकदम चिडीचूप. मग रुपाच्या पदरामागून हसू फुटले. रमिलाबाईने माझ्या चाटूकडे पाहिले, मग आत भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "लेट शेतस नाना. लाल पेननं लिखू का?"

सगळ्या हसल्या. मला हसू आले नाही. उशीर झाला होता, हे मात्र खरे.

पातेल्यापाशी बसवले. घाटा घोटणे हे काम मला वाटत होते तसे नाही. खांदे भरून येतात, वाफ तोंडावर येते, आणि थांबलो की मीनाबाई लगेच म्हणते, "हात चालाडा, तळ लागी." माझ्यावर आजवर कोणत्याही साहेबाने इतकी बारीक नजर ठेवली नव्हती. त्यांचे बोलणे अखंड चालू होते. रिनाचा नवरा, त्याची आई, कोणाला दिवस गेले, कोणाची सोयरीक मोडली. सुरुवातीला त्रास झाला. नंतर त्या सोयरिकीचे पुढे काय झाले, ते मीच विचारले.

चुनीलाल बाहेरून आला. मला पातेल्यापाशी पाहून उभाच राहिला. मग मिशीतल्या मिशीत म्हणाला, "काय दोधू, रोजले उना का?"

सगळ्यांचे हात थांबले. मला राग यायला हवा होता. पण घाटा खाली लागत होता, थांबता येत नव्हते.

"नही," मी म्हटले. "पाळीले उनू."

तो आत गेला आणि माझ्यासाठी पाट घेऊन आला. तोवर मी उकिडवाच बसलो होतो.

घाटा शिजला तशी रमिलाबाईने वाट्या भरल्या, वर तेल सोडले. माझ्यापुढे एक केली. आता इथे तपासायला मी काही आलो नव्हतो, म्हणून घेतली.

"ल्या नाना," ती म्हणाली. "तुम्हनी माय बी असंच गरमागरम मांगे. दात नव्हतात ना तिले. शेवटला दिनले बी मन्हा हातथीन चार घास खादात तिनी, वाटी पुसीसन."

मीनाबाई म्हणाली, तेल जास्त लागायचे त्यांना. रुपा म्हणाली, मिरची मात्र नको म्हणायच्या. प्रत्येकीला माझ्या आईविषयी काही ना काही ठाऊक होते. मी वाटी धरून बसलो. घाटा फार गरम होता, त्यामुळे डोळ्यांत पाणी आले.

निघताना रमिलाबाई म्हणाली, "शनिवारले आम्ही येतस तुम्हना घर. अनीसभाईनं काम अडकाले नको. पन मांगला दारनं." मी म्हटले, दार उघडेच आहे.

घरी आलो तोवर माझा राग परत आला होता. आईला घाटा आवडायचा, शेवटी शेवटी ती तोच खायची, ही गोष्ट सगळ्या गल्लीला माहीत आणि तिच्या मुलाला नाही! हे चूक आहे. साफ चूक आहे. एवढी साधी गोष्ट घरच्या माणसाला कोणीतरी सांगायला नको होती का? सिंधूला मी तसे विचारले, जरा मोठ्यानेच विचारले.

ती डाव्या हाताने भाकरी मोडत होती. "सांगेल व्हतं ना," ती म्हणाली. "तुम्ही जेयीसन झोपी ग्यात."

उद्या मीनाबाईकडे जायचे आहे. सिंधूचा हात सुटेपर्यंत सगळ्या पाळ्या माझ्याच.